पालथा तुंबा

बोबोच्या कारखान्यात माझ्या नावाची पाटी आहे,
पाटीखाली पदवी, पदवीखाली फ्रेंच शिक्का.
चवीच्या परीक्षेत मी केळं ओळखलं, लवंग ओळखली,
ओल्या पुठ्ठ्याचा वास ओळखला.
(शिळ्या बिअरला तो येतो, हे तुम्हाला ठाऊक नसेल.
मला होतं. म्हणून तर पाटी.)

सुट्टीत दिसिनला गेलो, आत्याकडे.
पेर्पेत्यू सोम्दा चाळीस वर्षं
लाल ज्वारीची दोलो काढते,
भेंडीचे देठ चेचून पाणी निवळते,
आणि किण्वन या शब्दावाचून तिचं
कधी काही अडलेलं नाही.

थर्मामीटर बरोबर नेला होता.
तिनं हातात घेतला, उलटसुलट केला,
"काच आहे, फुटेल," म्हणाली,
आणि उंच कोनाड्यात ठेवून दिला
मी जाईपर्यंत.

मग रांजणाच्या पोटाला तळवा लावला,
पोराचा ताप पाहावा तसा,
आणि गेली शेंगा निवडायला.
दोनदा परत आली, दोनदा नुसती मान हलवली.
तिसऱ्यांदा विरजण टाकलं:
मागल्या खेपेचा वाळवलेला साका.
"किती?" मी वहीवर पेन टेकवून.
"हवा कशी आहे त्यावर."
"म्हणजे किती?"
तिनं माझ्याकडे असं पाहिलं
जसं मी विचारलं होतं
माणसाला झोप किती किलो लागते.

पहाटे रांजण बोलत होता.
झाकणाखाली बारीक चुळबुळ,
वाळल्या पाल्यात किडे चालावेत तशी.
पहिला तुंबा मीच भरून घेतला.
आधी आंबट, मग धूर,
मग कैरीच्या सालीसारखं काहीतरी.
डोळे मिटून तिला सगळं सांगितलं,
वीस मिनिटं सांगितलं.
दुसरा तुंबा. तिसरा.
"उत्तम," म्हणालो,
शिक्क्यासकट.

तिनं एक घोट जमिनीला दिला, वाडवडिलांचा.
एक स्वतः घेतला
आणि तोंडात ठेवला, जसा कुणी निरोप ठेवतो
घरातलं माणूस जेवून उठेपर्यंत.
गिळला.
तुंबा धुतला, झाकणावर पालथा घातला.

पालथा तुंबा म्हणजे आज विक्री नाही.

बाजाराचा दिवस. गिऱ्हाइकं येत राहिली,
सायकलीवरून, पायी, एक शाळामास्तर घामाघूम.
"बिबियानकडे जा, चिंचेखाली," ती सगळ्यांना सांगत होती,
"आज तिची छान उतरलीय."
बिबियान दाबिरेशी ती अकरा वर्षं बोललेली नाही,
एका शेळीवरून.
"तुला कसं ठाऊक तिची छान उतरलीय?"
"पहाटे वारा तिकडून होता."

दुपारी तीनच्या सुमारास
माझ्या पोटानं तिची बाजू घेतली.
परसातून चौथ्यांदा परतलो तेव्हा
ती चुलीतली राख काढत होती.

"मोड," ती न विचारताच म्हणाली.
"एक दिवस जास्त वाढले.
मी नणंदेच्या मयताला, तीन रात्री तिकडेच.
मोड पेरापेक्षा लांब गेला
की दाणा स्वतःच जेवून घेतो,
आपल्याला उष्टं देतो."
"राखायला पोरीला सांगितलं होतंस ना?"
"मी राखलं नाही," ती म्हणाली.
पोर पलीकडे भांडी घासत होती.
भांडी एकदम हळू वाजू लागली.

रांजणभर दोलो डुकरांना गेली.
सोळा भाऱ्या लाकूड, दोन दिवसांचं पाणी.
तिनं हिशेब केला असणार,
बोलली नाही.

अंधार पडताना नवी ज्वारी भिजत घातली.
ओंजळीतला एक दाणा माझ्या हातावर ठेवला.
"चाव."
चावला.
"काय कळलं?"
माझ्याजवळ शब्द होते, पुष्कळ,
जिभेवर रांग लावून उभे.
"काही नाही," मी म्हणालो.

ती ओंडक्यावर थोडी सरकली,
मला बसण्यापुरती.